आई-वडिलांच्या पश्चात प्रौढ बौद्धिक दिव्यांग अपत्याचा सांभाळ : पालकत्व, अर्थव्यवस्था व निवास यांचे नियोजन

सारांश

बौद्धिक दिव्यांग अपत्य १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते. त्याचा दैनंदिन सांभाळ मात्र पुढेही आई-वडीलच करीत राहतात. ते वृद्ध झाल्यावर हा सांभाळ कोणी, कोठे व कोणत्या पैशांतून करावयाचा, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाशी संबंधित कायदे, आर्थिक तरतुदी व निवासाचे पर्याय यांचा परामर्श घेतला आहे. निर्णय, पैसा, निवास आणि देखरेख या चार जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीवर न सोपविता त्यांची विभागणी करावी व ही व्यवस्था आई-वडिलांच्या हयातीतच चालू करावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : बौद्धिक दिव्यांगत्व, कायदेशीर पालकत्व, राष्ट्रीय न्यास, खाजगी न्यास, कुटुंब निवृत्तिवेतन, आजीवन निवास.

१. प्रस्तावना

"आमच्यानंतर याचे कसे होणार?" हा प्रश्न बौद्धिक दिव्यांग मुलामुलींच्या आई-वडिलांना आयुष्यभर सोबत करतो. मूल लहान असताना शाळा, उपचार व प्रशिक्षण यांच्या धावपळीत तो मागे पडतो. आई-वडिलांनी सत्तरी गाठली, गुडघे दुखू लागले, चाळिशीतल्या मुलाला स्नान घालणे किंवा झटका आल्यावर सावरणे जड जाऊ लागले, की तोच प्रश्न रोजचा होतो. आपले डोळे मिटण्यापूर्वी याचे मिटावेत, अशी इच्छा काही आई-वडील बोलून दाखवितात. त्यामागे मायेचा अभाव नसतो. आपल्या मागे विश्वासार्ह अशी कोणतीही व्यवस्था नाही, याची ती कबुली असते.

या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २.६८ कोटी व महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. देशपातळीवरील संख्येपैकी सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद बौद्धिक दिव्यांगत्वाच्या गटात झाली होती. वैद्यकीय प्रगतीमुळे या व्यक्तींचे आयुर्मानही वाढले आहे. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे २५ वर्षे होते. ते आता ६० वर्षांच्या आसपास पोहोचले आहे. याचा सरळ अर्थ असा की, अपत्याने आई-वडिलांच्या पश्चात दोन-तीन दशके जगणे हा आता अपवाद राहिलेला नाही. शिवाय डाऊन सिंड्रोममध्ये स्मृतिभ्रंशाचा विकार सामान्य व्यक्तींपेक्षा बराच लवकर, अनेकदा पन्नाशीच्या सुमारास, डोके वर काढतो. अशा घरात आई-वडील व अपत्य यांचे वार्धक्य एकाच काळात येते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित कुटुंब समोर ठेवता येईल. सातारा येथे राहणारे ७२ वर्षांचे निवृत्त प्राध्यापक, ६८ वर्षांची त्यांची पत्नी, मध्यम स्वरूपाचे बौद्धिक दिव्यांगत्व व अपस्मार असलेला ४० वर्षांचा मुलगा, आणि विवाहानंतर ठाण्यास स्थायिक झालेली मुलगी. मालकीची सदनिका आहे, निवृत्तिवेतन आहे, मुदत ठेवी आहेत. "मुलगी पाहील" असे सर्वांनी गृहीत धरले आहे. मात्र तिच्याशी यासंबंधी स्पष्ट बोलणे कधीच झालेले नाही. अशी कुटुंबे पुष्कळ आढळतात.

२. 'पालक' या शब्दातील संदिग्धता

मराठीत 'पालक' हा शब्द आई-वडील व कायदेशीर पालक या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ अन्वये आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व अपत्य अज्ञान असेपर्यंतच असते. अपत्य १८ वर्षांचे होताच ते संपुष्टात येते. त्यानंतर आई-वडील मुलाला जेवू घालतात, औषधे देतात, त्याच्या जागी स्वाक्षरीही करतात; परंतु त्या स्वाक्षरीला कायदेशीर आधार असतोच असे नाही. ही उणीव बहुतेक घरांत उघडकीस येते ती मृत्यूनंतर.

वरील उदाहरणातील प्राध्यापकांचे मृत्युपत्र न करता निधन झाले असे समजू. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २८ नुसार कोणत्याही रोगामुळे अथवा व्यंगामुळे वारसाहक्क नाकारता येत नाही. म्हणून त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी, मुलगी व मुलगा या तिघांना समान हिस्सा मिळेल. ही तरतूद न्याय्य आहे. तथापि मुलाचा एक तृतीयांश हिस्सा त्याच्या नावावर येतो आणि तेथेच अडकतो. सदनिका विकावयाची झाल्यास त्याच्या वतीने सही कोण करणार? बँकेतील त्याच्या वाट्याची रक्कम कोण काढणार? कायद्याने मुलाला हक्क दिला, पण त्या हक्काचा वापर करणारा अधिकृत हात कोणी तयार ठेवलेला नाही.

३. निर्णयाचा अधिकार : कायदेशीर पालकत्व

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९९ मध्ये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत झाला. आई-वडिलांच्या वा पालकाच्या मृत्यूनंतर दिव्यांग व्यक्तीची काळजी व संरक्षण यासाठीच्या उपाययोजनांना चालना देणे, हे या कायद्याने आपल्या उद्दिष्टांत स्पष्टपणे नमूद केले आहे.

कायद्यातील कलम १३ अन्वये स्थानीय स्तर समिती स्थापन केली जाते. तीत जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती यांचा समावेश असतो. कलम १४ नुसार आई-वडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या व्यक्तीची पालक म्हणून नियुक्ती व्हावी असा अर्ज या समितीकडे करू शकतात. मुळात पालकाची गरज आहे काय आणि ती कोणत्या कामांसाठी आहे, याचा विचार समितीने करावयाचा असतो. अशा प्रमाणपत्राच्या आधारे बँक खाते उघडण्यास व चालविण्यास मुभा द्यावी, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने २००७ मध्ये बँकांना दिल्या.

नियुक्त पालकाला मोकळे रान दिलेले नाही, ही या कायद्याची जमेची बाजू होय. कलम १६ नुसार नियुक्तीपासून सहा महिन्यांच्या आत दिव्यांग व्यक्तीच्या मालमत्तेची व देण्याघेण्याची यादी, तसेच प्रत्येक आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत जमाखर्चाचा हिशेब पालकाने सादर करावयाचा असतो. पालक हेळसांड करीत असेल किंवा मालमत्तेचा अपहार करीत असेल, तर कलम १७ अन्वये आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्यास दूर करण्याची मागणी करू शकते. मात्र मागणी करणारे कोणी उरले असेल तरच ही तरतूद उपयोगी पडते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला आणि पालकत्वाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. भारताने २००७ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करारनामा स्वीकारला होता. त्याचे प्रतिबिंब या कायद्यात पडले आहे. कलम १४ 'मर्यादित पालकत्वा'ची कल्पना मांडते. पालक व दिव्यांग व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने संयुक्त निर्णय घ्यावा, तो विशिष्ट बाबीपुरता व विशिष्ट काळापुरता असावा आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार असावा, असे त्यात अभिप्रेत आहे. अन्य कायद्यांखाली नेमलेले पालकही मर्यादित पालक म्हणूनच कार्य करतील, असे हे कलम सांगते. अत्यंत तीव्र दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत संयुक्त निर्णय म्हणजे नेमके काय, हा प्रश्न व्यवहारात अवघड आहे. तरीही ज्याला विचारता येते त्याला विचारले पाहिजे, हा या तरतुदीचा गाभा आहे. कोठे राहणे आवडेल, कोणाचा सहवास हवासा वाटतो, हे चाळीस वर्षांचा मुलगा शब्दांनी नसले तरी वागण्यातून सांगत असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम वर उल्लेखिलेल्या चार गटांपुरताच आहे. छिन्नमनस्कतेसारख्या मानसिक आजारांचा त्यात समावेश नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात ती राहिली नाही. त्यातील नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारविषयक बाबींपुरता असतो. त्यामुळे अशा कुटुंबांना २०१६ च्या अधिनियमाखाली किंवा न्यायालयामार्फतच मार्ग काढावा लागतो.

४. पैशाची व्यवस्था

निर्णयाचा अधिकार व पैशाचा ताबा या दोन भिन्न बाबी आहेत. "सर्व मालमत्ता मोठ्या भावाच्या नावे, त्याने धाकट्याला सांभाळावे" ही आपल्याकडील रूढ पद्धत. तीत दोन धोके आहेत. पहिला असा की, मालमत्ता पूर्णपणे भावाची झाल्यावर त्याच्या कर्जाचा, घटस्फोटाचा किंवा अकाली मृत्यूचा परिणाम तिच्यावर होतो. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. दिव्यांग व्यक्तीच्या पश्चात उरलेली रक्कम ज्याला मिळणार, त्याच्याच हाती खर्चाचा निर्णय असेल, तर कमी खर्च होण्यात त्याचे हित गुंतते. भाऊ सज्जन असला तरी त्याला अशा पेचात टाकणे योग्य नव्हे.

यावर भारतीय न्यास अधिनियम, १८८२ खालील खाजगी न्यास हा एक विचारपूर्वक योजण्याजोगा उपाय आहे. मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात राहते, लाभार्थी मात्र दिव्यांग अपत्य असते. विश्वस्ताला न्यासाची मालमत्ता स्वतःच्या फायद्यासाठी वापरता येत नाही. हिशेब ठेवणे त्याच्यावर बंधनकारक असते. स्थावर मालमत्तेचा न्यास नोंदणीकृत दस्तऐवजाने किंवा मृत्युपत्राने करावा लागतो. किमान दोन-तीन विश्वस्त असावेत, त्यांतील एक तरी आई-वडिलांपेक्षा बराच तरुण असावा, विश्वस्ताची जागा रिकामी झाल्यास ती कशी भरावयाची हे दस्तऐवजात लिहिलेले असावे, आणि शिल्लक रकमेचा अंतिम धनी खर्चाचा निर्णय करणाऱ्यांपैकी नसावा, ही पथ्ये पाळणे हितावह ठरते.

न्यास करणे शक्य नसलेल्या कुटुंबाने निदान मृत्युपत्र केलेच पाहिजे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नामनिर्देशन केले म्हणजे काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनाने उत्तराधिकाराचा कायदा बाजूला पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

महाविद्यालयीन शिक्षकांच्या दृष्टीने कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद विशेष महत्त्वाची आहे. केंद्रीय नियमांनुसार, तसेच महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ११६ नुसार, दिव्यांगत्वामुळे उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्यास वयाची सर्वसाधारण मर्यादा उलटल्यानंतरही कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये अशा अपत्यांसाठीची उत्पन्नाची अटही शिथिल केली. हा लाभ मात्र आपोआप दारी येत नाही. अपत्याच्या दिव्यांगत्वाची नोंद सेवापुस्तकात व निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत आई-वडिलांनी स्वतः हयातीत करून घेतली नाही, तर पुढे नातेवाइकांना कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांसाठी परिभाषित अंशदान योजना लागू झाली. जुन्या योजनेतील या हमीवर त्यांनी विसंबून न राहता स्वतंत्र तजवीज करावयास हवी.

करविषयक कायद्याची वाटचालही बोलकी आहे. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० डीडी खाली दिव्यांग अवलंबितासाठी घेतलेल्या विमा योजनेच्या हप्त्यावर वजावट मिळे. पण आई-वडील जिवंत असेपर्यंत त्या योजनेतून अपत्याला रक्कम मिळत नसे. २०१९ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला व न्यायालयाने केंद्र सरकारला याचा विचार करण्यास सुचविले. २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन आई-वडिलांनी वयाची ६० वर्षे पूर्ण केल्यावर त्यांच्या हयातीतही वार्षिकी देण्यास वाट मोकळी झाली. दिव्यांग अपत्याची गरज मृत्यूच्या दिवशी सुरू होत नाही, हे यातून मान्य झाले.

रकमेचा अंदाज करताना महागाईचा विचार अटळ आहे. आज निवास, मदतनीस व औषधे यांवर दरमहा २५,००० रुपये लागत असतील आणि महागाईचा दर वार्षिक ६ टक्के धरला, तर बारा वर्षांनी याच गोष्टींसाठी सुमारे ५०,००० व चोवीस वर्षांनी सुमारे एक लाख रुपये लागतील. त्या वेळी उदाहरणातील मुलगा ६४ वर्षांचा असेल. या तुलनेत शासकीय साहाय्य तुटपुंजे आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण देते. निवृत्तिवेतन व मालमत्ता नसलेल्या कुटुंबांचा भार एवढ्यावर पेलणार नाही, हे उघड आहे. म्हणून हा केवळ कौटुंबिक नियोजनाचा विषय राहत नाही. तो सामाजिक धोरणाचाही विषय ठरतो.

५. निवास व दैनंदिन सांभाळ

निवासाचे मुख्यतः तीन पर्याय संभवतात : भावंडाचे घर, स्वतःच्या घरी पगारी मदतनीस, आणि निवासी संस्था किंवा समूहगृह. पहिला पर्याय सर्वांत स्वाभाविक वाटतो. परंतु निर्णय भावाने करावयाचा आणि प्रत्यक्ष सेवा भावजयीने, असे अनेकदा घडते. ज्यांच्या श्रमावर व्यवस्था उभी राहणार, त्यांची संमती आधी घेतली पाहिजे. मुलीला "तूच आता त्याची आई" असे सांगण्यापेक्षा "तू कोणती जबाबदारी घेऊ शकशील?" असे विचारणे अधिक न्याय्य होय. प्रत्यक्ष घरी सांभाळणे जमत नसले तरी ती न्यासाची विश्वस्त होऊ शकते, कायदेशीर पालक होऊ शकते, किंवा दर पंधरवड्यास भावाला भेटून त्याची विचारपूस करू शकते.

महाराष्ट्रात आई-वडिलांनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या निवासी संस्थांची एक परंपरा आहे. बदलापूर येथील 'आधार' व डोंबिवलीनजीक खोणी येथील अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' ही त्याची परिचित उदाहरणे होत. देशपातळीवर १९९५ मध्ये स्थापन झालेला 'परिवार' हा पालक संघटनांचा महासंघ कार्यरत आहे. अनाथ व दिव्यांग मुलांच्या बाबतीत अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी केलेले कार्य सर्वश्रुत असून त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. अठरा वर्षांनंतर या मुलांनी कोठे जावे, हा प्रश्न त्यांनी सातत्याने मांडला आहे. या संस्था मोलाच्या असल्या तरी गरजेच्या मानाने जागा थोड्या आहेत. त्यामुळे प्रवेशाचा विचार ऐनवेळी करून भागत नाही.

संस्थेची निवड करताना इमारतीपेक्षा इतर गोष्टी पाहणे अगत्याचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाखाली नोंदणी आहे काय? रात्री किती कर्मचारी असतात? मुलींच्या विभागात स्त्री कर्मचारी आहेत काय? पूर्वसूचनेशिवाय भेटू देतात काय? शुल्कवाढ कशी होते? रहिवासी अंथरुणाला खिळला तर त्याला ठेवून घेतात की घरी पाठवितात? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच बहुधा विचारला जात नाही.

स्थलांतर टप्प्याटप्प्याने होणे इष्ट असते. प्रथम दिवसभराचे केंद्र, मग दोन रात्री, मग एक आठवडा, पुढे एक महिना, अशा क्रमाने नव्या जागेची सवय लागते. आई हयात असताना मुलगा संस्थेत राहू लागला आणि आई दर रविवारी भेटू लागली, तर ती जागा त्याच्या मनात आईशी जोडली जाते. हे न केल्यास आई, घर, अंथरूण, खिडकी व शेजारी हे सर्व तो एकाच दिवशी गमावतो. ज्याला मृत्यूची कल्पना समजावून सांगणे कठीण, त्याच्यावर हा आघात किती मोठा असेल, याची कल्पना करता येईल. मुलाला 'टाकले' असा लोकापवाद येईल या भीतीने अनेक आई-वडील हे पाऊल पुढे ढकलतात. वस्तुतः हयातीत नवी जागा लावून देणे हा सांभाळाचाच एक भाग आहे.

६. माहितीची वही

कायदा व पैसा यांत न मावणारी एक गोष्ट केवळ आईजवळ असते, ती म्हणजे मुलाविषयीचे ज्ञान. पोट दुखू लागले की तो कान ओढतो. झटका येण्यापूर्वी गप्प होतो. गोळी दुधातून दिली तर थुंकतो, गुळाच्या खड्याबरोबर घेतो. दाढी करताना मागून हात लावलेला त्याला चालत नाही. दिवा पूर्ण मालवला तर झोप येत नाही. हे कोणत्याही वैद्यकीय प्रमाणपत्रात लिहिलेले नसते. नव्या मदतनिसाला ते ठाऊक नसेल, तर दुखण्याचा अर्थ हट्ट असा लावला जातो व त्यावर शिक्षा होऊ शकते. म्हणून औषधांचे नाव, मात्रा व वेळ, पूर्वीचे आजार, खाण्यापिण्याच्या सवयी, भीती, आवडीची माणसे, त्याचे खास शब्द व खुणा, तसेच सर्व कागदपत्रांची जागा हे एका वहीत लिहून दर वर्षी त्यात सुधारणा करावी. या वहीला कायदेशीर दर्जा नाही. पण दैनंदिन सुखाच्या दृष्टीने तिचे मोल मृत्युपत्राहून कमी नाही.

७. देखरेख

पालक, विश्वस्त व संस्था या तिघांचेही काम नीट चालले आहे की नाही, हे पाहणारी चौथी व्यक्ती असणे आवश्यक आहे. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याच्या वतीने पाहणारे डोळे लागतात. कुटुंबमित्र, जुने शिक्षक, चुलत वा मामे भावंड किंवा पालक संघटनेचा कार्यकर्ता ही भूमिका पार पाडू शकतो. उदाहरणातील कुटुंबात मुलगी कायदेशीर पालक, एक पुतण्या व एक विश्वासू सहकारी विश्वस्त, संस्थेकडे निवास आणि पालक संघटनेकडे देखरेख, अशी विभागणी करता येईल. एक दुवा निखळला तरी बाकीचे तीन उभे राहतात, हेच या विभागणीचे मर्म होय.

८. निष्कर्ष

१. अपत्य १८ वर्षांचे झाल्यावर आई-वडिलांनी कायदेशीर पालकत्वाची गरज तपासून, आवश्यक असल्यास स्थानीय स्तर समितीकडे अर्ज करावा व आपल्या पश्चात येणाऱ्या पालकाची संमती आधीच घ्यावी.

२. निर्णय, पैसा, निवास व देखरेख या जबाबदाऱ्या भिन्न हाती द्याव्यात. सर्व काही एका भावंडावर सोपविणे हे त्या भावंडावर व दिव्यांग व्यक्तीवरही अन्यायकारक ठरू शकते.

३. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नोंदी, मृत्युपत्र किंवा न्यास ही कामे सेवेत असतानाच अथवा निवृत्तीच्या वेळी पूर्ण करावीत.

४. नव्या निवासाचा सराव आई-वडिलांच्या हयातीत सुरू करावा आणि त्यात दिव्यांग व्यक्तीची पसंती विचारात घ्यावी.

५. मालमत्ता नसलेल्या कुटुंबांसाठी प्रत्येक जिल्ह्यात प्रौढ बौद्धिक दिव्यांगांची लहान समूहगृहे उभारणे ही शासनाची जबाबदारी मानली गेली पाहिजे.

आई-वडिलांची जागा कोणतीही व्यवस्था पूर्णपणे घेऊ शकत नाही. तथापि आपल्या मागे अपत्य नेमके कोणाच्या हाती आहे, हे त्यांना नावानिशी सांगता आले, तर आयुष्यभर छळणाऱ्या त्या प्रश्नाला निदान एक उत्तर मिळते. ते उत्तर शोधण्याची वेळ त्यांचे हातपाय चालत आहेत तोवरच असते.